इमारतीतली यंत्रं, नाजूक उपकरणं आणि थरथरीचा माग

कंपनवेध
बुधवार, रात्री १०:१०

माझं काम यंत्रांची कंपनं मोजण्याचं. मोटारीचं बेअरिंग गेलंय का, पंख्याचा तोल सुटलाय का, हे कारखान्यात जाऊन सांगायचं. अलीकडे मात्र प्रयोगशाळांची बोलावणी वाढली आहेत आणि तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते: उपकरण नवं कोरं आहे, कंपनीचा इंजिनिअर येऊन सगळं तपासून गेला, तरी रीडिंग हलतं. उपकरणात दोष बहुधा नसतोच. तो गच्चीवर असतो, तळघरात असतो, कधी शेजारच्या इमारतीत असतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आता लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे, तेव्हा या विषयावर इथे सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात लायगोपासूनच करतो, कारण थरथरीचा माग काढण्याचं इतकं कसून काम फार थोड्या ठिकाणी झालं असेल. अमेरिकेत लायगोच्या दोन वेधशाळा आहेत, वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि लुइझियानात लिव्हिंग्स्टनला. प्रत्येकीला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांच्या आरशांमधलं अंतर लेसरने मोजलं जातं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तिथे दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेली पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणारी लाट, टिपली गेली. तिने ४ किलोमीटरच्या भुजेत घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता. ती लहर सुमारे ०.२ सेकंदात ३५ हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. आता हा पट्टा नीट पाहा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली साधी चार पोलची मोटार मिनिटाला साधारण १७५० फेरे घेते, म्हणजे २९ हर्ट्झ. त्याची दुप्पट ५८. पंख्याला ९ पाती असतील आणि तो मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर पात्यांची वारंवारता १३५ हर्ट्झ. कृष्णविवरं ज्या स्वरपट्टीत बोलतात, त्याच पट्टीत इमारतीचा एसी, पंप आणि चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) बोलतात.

इथे एक रास्त शंका येते. लायगोचे मुख्य आरसे प्रत्येकी ४० किलोचे आहेत, चार मजली लंबकाच्या सगळ्यात खालच्या टप्प्याला काचेच्या तंतूंनी टांगलेले आहेत आणि तो लंबक ज्या चौथऱ्यावर लटकतो तो चौथराही सेन्सर लावून सतत स्थिर ठेवला जातो. मग पंख्याची थरथर आरशापर्यंत पोचतेच कशी?

आरशापर्यंत ती जवळजवळ पोचतच नाही. ती दुसऱ्या दाराने आत येते. लेसरचा अगदी सूक्ष्म अंश आरशावरून भलतीकडे विखुरतो, आरसे ज्या निर्वात टाकीत आहेत तिच्या भिंतीवर किंवा आतल्या एखाद्या धातूच्या पत्र्यावर पडतो आणि तिथून उलटून पुन्हा मुख्य किरणात मिसळतो. आरसा टांगलेला आहे, पण टाकीची भिंत तर जमिनीवर उभी आहे. ती थरथरली की परतलेल्या प्रकाशाची कला, म्हणजे त्याची लाट किती पुढे-मागे सरकली आहे ते, बदलते आणि मोजमापात खोटा संकेत उमटतो. त्यातही एक खोच आहे. भिंत लेसरच्या तरंगलांबीच्या, म्हणजे १०६४ नॅनोमीटरच्या, तुलनेत जास्त हलली, तर मंद हालचालीतून जलद गोंगाट तयार होतो. सेकंदाला ६ मायक्रोमीटर वेगाने सरकणारी भिंत ११ हर्ट्झच्या आसपासपर्यंत घाण करू शकते, मग ती स्वतः दर पाच सेकंदांनी एकदाच का डोलेना.

म्हणून माझं ठाम मत असं की शोध दोन गोष्टींचा असतो: थरथर निघते कुठून आणि ती शिरते कुठून. बहुतेक लोक पहिल्यातच अडकतात. शंभर मोटारींपैकी दोषी मोटार शोधत बसतात, पण त्या सगळ्यांना आत आणणारी एक वाट बंद केली तर नव्वद मोटारींचा प्रश्न एका फटक्यात सुटतो, हे लक्षात घेत नाहीत. लायगोत पुष्कळ मेहनत या वाटा बंद करण्यावर झाली आहे. भरकटलेला प्रकाश अडवायला पडदे लावायचे, आणि ते पडदे स्वतःच झणझणत राहू नयेत म्हणून त्यांना दमन, म्हणजे थरथर जिरवणारी सोय, लावायचं.

हॅनफर्डचा एक प्रसंग सांगून थांबतो. २०१७ च्या उन्हाळ्यात मोजमापात मधूनच अनोळखी टोले दिसू लागले. इमारतीत आणि बाहेर मायक्रोफोन, भूकंपमापी, त्वरणमापी लावलेलेच असतात. एका मायक्रोफोनमध्ये त्याच क्षणी टकटक ऐकू येत होती. बाहेर जाऊन पाहिलं तर द्रव नायट्रोजनच्या यंत्रणेच्या नळीवर बर्फ साचला होता आणि वाळवंटातल्या उन्हात तहानलेले डोमकावळे तो टोचून खात होते. नळीवर चोचीच्या खुणा होत्या. तिथली मंडळी स्वतः त्या बर्फावर टोकरून पाहती झाली आणि तसाच संकेत उमटला. संशय आला, जागा पाहिली, मुद्दाम तीच थरथर घडवून ताळा घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मुद्दाम घडवून पाहिल्याशिवाय कुणालाही दोषी ठरवू नये.

कुणाला असे अनुभव असतील तर जरूर लिहा.

चिलरवाला
बुधवार, रात्री ११:३२

उत्तम धागा. मी पलीकडच्या बाजूचा माणूस, म्हणजे ज्याची यंत्रं बंद करा असं सगळे सांगतात तो. प्लांट रूममध्ये आयुष्य गेलं, म्हणून दोन-तीन गोष्टी लिहितो.

पंप आणि एएचयू (एसीची गार हवा खोल्यांत ढकलणारी पंख्याची पेटी) स्प्रिंगवर बसवलेले असतात हे कागदावर खरं. प्रत्यक्षात खाली वाकून बॅटरी मारून पाहा. वाहतुकीत स्प्रिंग हलू नये म्हणून लावलेले बोल्ट तसेच राहिलेले असतात. ते काढले नाहीत तर स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. दुसरं, पंपाच्या काँक्रीटच्या पाटाखाली आणि जमिनीच्या मधल्या फटीत प्लास्टर करणाऱ्यांचा माल पडून घट्ट झालेला असतो. तो पातळ पत्र्याने खरवडून काढला की पाट हाताने डोलतो. आणि तिसरं सगळ्यात जास्त वेळा दिसतं: पंप स्प्रिंगवर, पण त्याच्या तोंडाला लावलेली पाइप सरळ भिंतीत क्लॅम्पने जखडलेली. मधे रबरी बेलो, म्हणजे लवचीक जोड, बसवलेला नाही, किंवा बसवताना इतका ताणलाय की तो असून नसल्यासारखा.

आणि एक विनंती. "एसी बंद करून बघू" म्हणताना चिलरचं बटण दाबायला सांगू नका. चिलर बंद केला की त्याचा टायमर संपल्याशिवाय तो परत चालू होत नाही, आणि तोवर खोल्या तापतात. आधी एएचयूचे पंखे एकेक बंद करा, मग पंप, चिलर शेवटी.

कंपनवेध
बुधवार, रात्री ११:५८

@चिलरवाला, वाहतुकीच्या बोल्टांचं तुम्ही लिहिलंत ते पाचवीला पुजलेलं आहे. दुरुस्तीला जवळपास काहीच खर्च नाही आणि फरक डोळ्यांना दिसतो.

पंखे बंद करून पाहण्याबद्दल: लायगोतही हे करतात, पण थोड्या वेळापुरतंच. जास्त वेळ हवा बंद राहिली की खोलीचं तापमान सरकतं आणि उपकरण वेगळ्याच कारणाने हलू लागतं. प्रयोगशाळेत मी नेहमी चालू, बंद, चालू, बंद असं आलटूनपालटून करायला सांगतो. एकदाच बंद केलं आणि थरथर थांबली, तर तो योगायोगही असू शकतो. प्रत्येक वेळी बटणाबरोबर ती गेली आणि बटणाबरोबर परत आली, तर मग बोलायला जागा आहे.

विटकरी
गुरुवार, सकाळी ८:०५

स्ट्रक्चरल बाजूने थोडी भर. इमारतीचा आराखडा करतानाच व्हीसी रेषा, म्हणजे फरशीच्या थरथरीचा वेग किती चालेल याच्या मर्यादा, ठरवून घ्यायला हव्यात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक उंगर आणि कॉलिन गॉर्डन यांनी या मर्यादा मांडल्या, आज जगभर त्याच वापरतात. व्हीसी-ए म्हणजे सेकंदाला ५० मायक्रोमीटर, मग प्रत्येक पायरीला निम्मं होत होत व्हीसी-डी ६.२५ आणि व्हीसी-ई ३.१२. तुलनेसाठी, साध्या ऑफिसला ४०० चालतं, शस्त्रक्रियेच्या खोलीला १००. म्हणजे पायाला काहीच जाणवत नाही अशा फरशीवरही सूक्ष्मदर्शक वैतागलेला असू शकतो.

वरच्या मजल्यावरचे स्लॅब साधारण ५ ते १५ हर्ट्झच्या दरम्यान स्वतःच झुलतात, त्यामुळे नाजूक उपकरण तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवर असावं हा पहिला नियम. गंमत अशी की हे सगळं पाळूनही त्याच खोलीच्या भिंतीमागे पंपघर काढलेली इमारत मी पाहिली आहे. आर्किटेक्टच्या नकाशात ती जागा "सर्व्हिस" म्हणून मोकळी दिसत होती एवढंच.

सूक्ष्मा
गुरुवार, दुपारी २:४०

दादा, धागा अगदी वेळेवर आला. मी एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांभाळते. तळमजला, जमिनीवरची फरशी, सगळं विटकरींनी सांगितल्यासारखं. तरी चित्र खूप मोठं केलं की त्यातल्या सरळ कडा दातेरी दिसतात. सतत नाही. कधी अर्धा-पाऊण तास, मग तासन् तास एकदम स्वच्छ. सगळे म्हणतात विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र आहे, ५० हर्ट्झ, खोलीला शील्डिंग, म्हणजे ते क्षेत्र अडवणारं आवरण, करा. त्याचं अंदाजपत्रक बघून आमचे सर गप्प झाले. कुठून सुरुवात करू?

कंपनवेध
गुरुवार, संध्याकाळी ६:१५

सूक्ष्माताई, शील्डिंगवर एक रुपयाही खर्च करण्याआधी तुमच्याच चित्राला विचारा. तुमचा सूक्ष्मदर्शक हाच खोलीतला सर्वांत चांगला कंपनमापक आहे.

चित्र ओळीओळीने काढलं जातं. परतीच्या वेळेसह एका ओळीला २ मिलिसेकंद लागतील असा वेग लावा. म्हणजे ५०० ओळी म्हणजे बरोबर १ सेकंद. एखादी उभी सरळ कड पूर्ण चित्रभर दिसेल असा नमुना घ्या आणि ५०० ओळींत त्या कडेला किती लाटा आल्या ते मोजा. जो आकडा येईल तेच हर्ट्झ. बरोबर ५० आल्या तर वीज. ४८ किंवा ४९ आल्या तर गोष्ट वेगळी, कारण विजेची वारंवारता इतकी खाली जात नाही, मोटारीचे फेरे मात्र जातात. दोन पोलची मोटार ५० हर्ट्झवर ३००० फेऱ्यांचा प्रयत्न करते पण लोडमुळे मागे पडते, २८८० ते २९५० वर स्थिरावते. हे मागे पडणं हीच तिची ओळख. चार पोलची १४४० ते १४७०, म्हणजे २४ हर्ट्झच्या थोडं पुढे. सहा पोलची ९६० च्या आसपास, म्हणजे १६.

दुसरा ताळा. तुमच्या मशिनमध्ये स्कॅन विजेशी जुळवण्याची सोय असेल, बहुतेकांत असते. ती चालू केली की प्रत्येक ओळ विजेच्या त्याच क्षणाला सुरू होते. मग चुंबकीय ५० हर्ट्झमुळे येणारी लाट नाहीशी होते, कारण प्रत्येक ओळ सारखीच सरकते. यांत्रिक थरथर मात्र उरते. ओळ २० मिलिसेकंदांची करून पाहा आणि उरलेली लाट किती ओळींची आहे तेवढं कळवा.

आणि एक वही ठेवा. दातेरी कडा सुरू झाली ती वेळ, थांबली ती वेळ. बाकी काही लिहू नका, अंदाज तर अजिबात नको.

आकाशवाट
गुरुवार, रात्री ९:२०

विषय फार आवडला. एक प्रश्न: मोबाइलमध्ये कंपनं मोजायची ॲप्स असतात, ती चालतील का? आणि लायगोवाले "वाट" शोधतात ती नेमकी कशी? दोषी यंत्र बंद करून सापडेल, पण टाकीची कुठली भिंत प्रकाश उलटवते हे कसं कळणार? सगळ्याच भिंती हलतात ना?

कंपनवेध
गुरुवार, रात्री १०:४५

मोबाइल चालेल, पण यंत्राला टेकवायला, फरशीवर ठेवायला नाही. व्हीसी-डीची मर्यादा २४ हर्ट्झवर जवळपास ०.१ मिलि-जी (१ मिलि-जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाचा हजारावा हिस्सा) इतकं त्वरण होते, ती मोबाइलच्या सेन्सरच्या स्वतःच्याच गोंगाटात बुडते. पंपाच्या अंगावर मात्र सेकंदाला २ मिलिमीटर हालचाल असेल तर ती ३० मिलि-जी, मोबाइलला आरामात दिसते. त्यामुळे फेऱ्यांची वारंवारता ओळखायला तो पुरतो. फक्त पुरेसा वेळ रेकॉर्ड करा. २४.२० आणि २४.३५ हर्ट्झचे दोन पंप वेगळे ओळखायचे तर दहा सेकंदांच्या रेकॉर्डिंगवर जेमतेम कळतील. मी शंभर सेकंद घेतो.

आता वाट. तुमचा दुसरा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. सगळ्याच भिंती हलतात, आणि एकाच वारंवारतेने हलतात, त्यामुळे नुसत्या स्पेक्ट्रमवरून, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती कंपन याच्या आलेखावरून, काही कळत नाही. दोन सेन्सरमध्ये कोहिअरन्स, म्हणजे तालमेळ, चांगला आला म्हणजे एक दुसऱ्याचं कारण, असंही नसतं. दोघं तिसऱ्याच्याच तालावर हलत असतात.

लायगोतली युक्ती अशी. दोन शेकर, म्हणजे मुद्दाम कंपन देणारी यंत्रं, दोन वेगळ्या ठिकाणी लावायचे आणि त्यांना वारंवारतेच्या अगदी थोड्या फरकाने चालवायचं. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित उतरलेल्या असल्या की आवाज सावकाश मोठा-लहान होत राहतो, तसं मग सगळ्या इमारतीत कंपन चढतं-उतरतं. पण दोन्ही शेकरपासूनची वाट प्रत्येक जागेला वेगळी, म्हणून ते चढण्याचे-उतरण्याचे क्षणही प्रत्येक जागी वेगळे. एका भिंतीवर थरथर कमाल असते तेव्हा दुसऱ्या भिंतीवर ती किमान. आता गुरुत्वीय लहरींच्या वाहिनीत उमटलेल्या खोट्या संकेताचा चढ-उतार पाहायचा. ज्या सेन्सरचा चढ-उतार क्षणाला क्षण त्याच्याशी जुळतो, वाट त्याच्या जवळ. ओरेगॉन विद्यापीठाचे रॉबर्ट स्कोफील्ड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं दोन्ही वेधशाळांत शेकर, लाउडस्पीकर घेऊन अशी झडती घेत आले आहेत. लायगोचे एक जनक राइनर वाइस यांनी १९७२ च्या अहवालात अशा उपकरणाला कोणकोणता गोंगाट त्रास देईल याची मांडणी कागदावर केली होती, आणि त्या एकेका कलमामागे माणसं अजूनही टाकीला कान लावून उभी आहेत.

हिंगोलीकर
शुक्रवार, सकाळी ७:३०

आमच्या जिल्ह्याचं नाव पाहून आलो. २०१६ ला तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हापासून वाट बघतोय, एप्रिल २०२३ ला केंद्राने २६०० कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली तेव्हा गावात पेढे वाटले होते. एक भीती मनात आहे ती विचारतो. २०२४ मध्ये आमच्याकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पंख्याने बिघडणारं यंत्र भूकंपात कसं टिकणार? आणि आम्ही आसपासच्या शेतात मोटारी लावायच्या की नाही?

कंपनवेध
शुक्रवार, सकाळी ९:१०

@हिंगोलीकर, भूकंप येतो आणि जातो. त्या वेळी आरशांमधला लेसरचा मेळ तुटतो, जमीन शांत झाली की तो परत जुळवतात. अमेरिकेतल्या वेधशाळाही दूरच्या मोठ्या भूकंपांनी अशा थांबतात. वेळ वाया जातो, पण निरीक्षण कायमचं डागाळत नाही. पंखा चोवीस तास चालतो, म्हणून तो जास्त छळतो. पल्सारसारख्या फिरत्या ताऱ्यांच्या अखंड एकसुरी लहरींच्या शोधात तर मोटारीची एक बारीक रेषासुद्धा तेवढी जागा कायमची आंधळी करते.

शेतातल्या मोटारीबद्दल: कंपन अंतराबरोबर झपाट्याने विरतं, आणि उच्च वारंवारता आधी विरते. लिव्हिंग्स्टनला आसपास रेल्वे जाते, जंगलतोड चालते, त्याचा त्रास होतोच, पण तो मुख्यतः कमी वारंवारतेचा. वेधशाळेच्या स्वतःच्या छताखाली चालणारी यंत्रं सर्वांत जवळची आणि म्हणून सर्वांत महत्त्वाची. तिथले पंखे कुठे बसवायचे, चिलर इमारतीपासून किती दूर न्यायचा, पाण्याच्या पाइप भिंतीला कशा धरायच्या, हे बांधकामाच्या वेळीच ठरायला हवं. नंतर पाइप सोडवणं फार जिकिरीचं.

एक चांगली गोष्ट सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला ६०, १२० वर जे डाग पडतात, ते आपल्याकडे ५०, १०० वर पडतील. मोटारींच्या रेषाही २९ ऐवजी २४ च्या जवळ. म्हणजे त्यांची आंधळी जागा आपल्याला दिसेल आणि आपली त्यांना. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेचंही तसंच आहे, तिथेही ५० हर्ट्झ.

विटकरी
शुक्रवार, सकाळी ११:४०

कंत्राटदार नेहमी म्हणतो, "साहेब, रबराचे पॅड टाकून देतो." त्याचं काय करायचं तेवढं लिहा. दर साइटवर हाच वाद.

कंपनवेध
शुक्रवार, दुपारी १:२५

हिशोब त्याच्यासमोरच करा. वजन ठेवल्यावर आधार किती सेंटिमीटर दबतो त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा, की त्या आधाराची स्वतःची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. रबरी पॅड ३ मिलिमीटर दबला तर ती येते ९ हर्ट्झ. त्यावर १५ हर्ट्झचा पंखा ठेवला तर जवळजवळ ६० टक्के थरथर खाली उतरते. स्प्रिंग २५ मिलिमीटर दबते, तिची वारंवारता ३.२ हर्ट्झ, खाली उतरतात ५ टक्क्यांच्या आत.

कूलिंग टॉवरचा मोठा पंखा मिनिटाला ४८० फेरे घेतो, म्हणजे ८ हर्ट्झ. तोच रबरी पॅड त्याच्याखाली टाकला तर थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. दमन सोडून दिलं तर सूत्र चौपटीच्या वर सांगतं, रबरात दमन असतं म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. पण वाढते हे नक्की. पैसे देऊन त्रास विकत घेतल्यासारखं आहे हे.

सूक्ष्मदर्शकाखालच्या हवेच्या टेबललाही हेच लागू. त्याची स्वतःची वारंवारता १ ते ३ हर्ट्झच्या दरम्यान, तिथे ते मदत करत नाही, उलट डोलतं. आणि माणसाची चाल सेकंदाला जवळपास दोन पावलं, बरोब्बर त्याच जागी. म्हणून चांगल्या टेबलवरचं चित्रही दाराबाहेर कुणी चाललं की हलतं.

सूक्ष्मा
सोमवार, संध्याकाळी ७:०५

दादा, सांगितल्याप्रमाणे केलं. ५०० ओळींत लाटा ४८ आल्या, ५० नाहीत. पुन्हा पुन्हा मोजलं. स्कॅन विजेशी जुळवून ओळ २० मिलिसेकंदांची केली तर लाट गेली नाही, २५ ओळींची एक अशी लांबलचक झाली.

वहीत वेळा पाहिल्या तर एसीशी काही संबंध नाही. सकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला, मग दुपारी जेवणाआधी, मग संध्याकाळी. सुट्टीच्या दिवशी दुपारची गायब.

चिलरवाला
सोमवार, संध्याकाळी ७:४८

ताई, हा पाण्याचा पंप आहे. एसीचा नाही, गच्चीवरची टाकी भरायचा. सकाळी लोक येण्याआधी, जेवणाच्या सुमाराला पाणी वापरलं की टाकीतला फ्लोट खाली, पंप चालू. सुट्टीला लोक नाहीत, पाणी उपसत नाही, दुपारचा पंप नाही. मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच अंगात) असेल तर पाटीवर फेरे २८८० लिहिलेले असतील, भागिले ६० बरोबर ४८. जाऊन पाटी वाचा.

कंपनवेध
सोमवार, रात्री ८:३०

चिलरवाल्यांशी शंभर टक्के सहमत. २५ ओळींची लाट तर पक्का पुरावा आहे: २५ ओळी म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे विजेपासून २ हर्ट्झचं अंतर. ते ४८ असेल किंवा ५२, आणि ही मोटार विजेच्या पुढे पळू शकत नाही.

पण ताई, पंपापाशी थांबू नका. पंप तुमच्या खोलीपासून किती दूर आहे? दूर असेल तर थरथर जमिनीतून येत नसणार. वर जाणारी पाइप कुठून जाते, कुठल्या भिंतीला धरली आहे, ते बघा. पंप चालू असताना पाइपवर मोबाइल टेकवत क्लॅम्पमागून क्लॅम्प चालत जा.

सूक्ष्मा
गुरुवार, रात्री ८:५०

पंपाची पाटी: २८८० फेरे. 🙏 पंपघर आमच्या विंगच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. टाकीला जाणारी जस्ताची पाइप मात्र तळमजल्याच्या कॉरिडॉरमधून आडवी येते आणि आमच्या खोलीच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने वर चढते. त्या भिंतीत लोखंडी क्लॅम्प आहेत, रबर नाही, आणि एक तर पेंटखाली इतका गाडला गेलाय की हाताने चाचपडल्याशिवाय कळत नाही. पंप चालू असताना तिथे हात ठेवला तर बोटांना मुंग्या येतात.

मेंटेनन्सच्या काकांनी सहकार्य केलं. पंप चालू ठेवून आमच्या भिंतीवरचे क्लॅम्प सैल केले, पाइपला खाली लाकडी ठोकळ्यांचा आधार दिला. मी आत चित्र चालूच ठेवलं होतं. दुसरा क्लॅम्प सुटला तशी कड डोळ्यांदेखत सरळ झाली. मग त्यांनी क्लॅम्प परत आवळले, कड परत दातेरी. पुन्हा सैल, पुन्हा सरळ. शील्डिंगचं अंदाजपत्रक सरांनी फाइलला लावून टाकलं.

कंपनवेध
गुरुवार, रात्री ९:३०

वा, ताई! आवळून-सैल करून पाहिलंत हे फार बरं केलंत.

पुढचं काम असं: लाकडी ठोकळे कायमचा उपाय नाहीत, पाण्याने भरलेल्या पाइपचं वजन बरंच असतं. भिंत सोडून जमिनीवरून उभा स्टँड घ्यायला सांगा आणि पाइप त्याला रबराचं अस्तर असलेल्या क्लॅम्पने धरा. पंपाच्या तोंडाला रबरी बेलो, ताण न देता. पाइप भिंतीतून आरपार जाते तिथलं भोक थोडं मोठं करून मधे मऊ भराव, सिमेंट नको. तोवर टाकी रात्री भरून ठेवता आली तर दिवसाचं काम अडणार नाही.

हे झाल्यावर एकदा ५०० ओळींची तीच मोजणी परत करा. मोठी लाट गेली की तिच्याखाली दडलेली लहान लाट दिसायला लागते. २४ च्या जवळ काही सापडलं तर तुमच्या मजल्यावरच्या एएचयूकडे जाऊ.

चिलरवाला
गुरुवार, रात्री ९:४१

आणि तिथे गेलात की आधी स्प्रिंगचे बोल्ट बघा. फोटो टाका, मी सांगतो कुठले काढायचे.